पिशवीचे तोंड

मराठीत पिशवीला किती नावे आहेत, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. बटवा, कसा, चंची, थैली, झोळी, पडशी, खलिता. कापड बहुधा तेच, शिवणही फारशी निराळी नाही. तरी बटव्याला कोणी झोळी म्हणत नाही आणि चंचीला कोणी थैली म्हणत नाही. हा भेद कोठून येतो? माझ्या समजुतीप्रमाणे तो पिशवीच्या तोंडातून येतो. बटव्याला ओढावयाची नाडी असते. चंचीच्या घड्या घालून वर दोरी गुंडाळावयाची असते. कसा कमरेला बांधावयाचा असतो. झोळीचे तोंड उघडेच राहते, कारण तिने मागावयाचे असते. अलीकडे घरोघरी रंगीत तुकडे जोडून चेनची लहान पिशवी शिवण्याची जी हौस दिसते, तिच्याकडेही या दृष्टीने पाहिले, तर ती वाटते तितकी नवी नाही आणि तितकी किरकोळही नाही. पिशवी कोणी उघडावयाची, हा प्रश्न तिच्या तोंडाशी नेहमीच अडकलेला असतो.

त्याचे एक उदाहरण मी महाराष्ट्राबाहेरचे घेतो. झाशीच्या जुन्या शहरात, किल्ल्याच्या खालच्या अंगाला, मानिक चौक नावाची बाजारपेठ आहे. मराठी जिभेवर हे नाव ‘माणिक’ असेच यावयाचे. तेथील बुंदेली बोलणारा माणूस ‘मानिक’ म्हणतो, आणि तेथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले मराठीही आता तसेच म्हणत असतील, तर त्यात नवल नाही. १७४२ मध्ये नारो शंकर पेशव्यांच्या वतीने येथे आले, त्यांनी किल्ला वाढविला आणि शहर वसविले. पुढे नेवाळकरांची सुभेदारी आली. या घराण्याचे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत, आणि पुन्हा फेब्रुवारी १८५४ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंकडून गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्याकडे खलिते गेले. दत्तक मान्य व्हावा, एवढेच त्यांतील मागणे होते.

आपण ‘खलिता’ म्हणजे पत्र असे समजतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र पिशवी असाच आहे. राजेरजवाड्यांचे पत्र उघडे जात नसे. सोन्याचे ठिपके असलेल्या कागदावर मजकूर लिहावयाचा, तो मलमलीच्या पिशवीत घालावयाचा, ती किनखाबाच्या पिशवीत, आणि रेशमी दोरीने तोंड आवळून दोरीला लाखेची मोहोर लोंबती ठेवावयाची, असा रिवाज होता. किनखाब शोभेसाठी होता. अधिकार त्या दोरीच्या गाठीत आणि मोहोरेत होता. ती कोणी फोडावयाची आणि फोडल्यावर आतील शब्दाला काय किंमत द्यावयाची, याविषयी उभयपक्षी एक समजूत होती. डलहौसीने पत्रे वाचली, आणि फेब्रुवारी संपण्यापूर्वीच झाशी खालसा करण्याचा निर्णय लिहून ठेवला. मार्चमध्ये मेजर एलिस याने तो राणीला ऐकविला. महिना पाच हजार रुपयांची नेमणूक देऊ केली गेली. ती तिने आरंभी नाकारली. समजूत मोडल्यावर खलित्याची नुसती पिशवी राहते. (जाता जाता सांगावयास हरकत नाही, की आपल्या सरकारी दप्तरांचे पूर्वज याहून साधे होते. पेशवे दफ्तरातील कागद चौकोनी कापडात बांधून ठेवीत आणि त्यांची मोजणीही ‘इतके रुमाल’ अशीच होते. त्या रुमालाला तोंडच नाही. चारी कोपरे गाठीत.)

राजवाड्यातून आता घरात येऊ. बटवा ही घरातील बाईची वस्तू. आपल्या धर्मशास्त्रात स्त्रीधनाची चर्चा आहे, आणि ती पुष्कळ बारकाईची आहे. पण व्यवहारात स्त्रीधनाचा जो भाग बाईला स्वतःच्या हाताने उघडता-मिटता येई, तो बटव्याएवढाच असे. माहेरहून निघताना हातात ठेवलेला रुपया, ओवाळणीचे दोन आणे, बाजारातून उरलेले पैसे असे त्याच्या पोटात जाई. बटव्याची घडण या कामाला फार सोयीची आहे. कापडाचा गोल किंवा चौकोन घ्यावयाचा, काठाशी नेफा धरावयाचा, त्यातून समोरासमोरच्या दोन तोंडांनी दोन नाड्या ओवावयाच्या. दोन्ही ओढल्या, की कापड चुण्यांनी आवळते, आणि आत नाणी असली, तर त्यांच्याच भाराने ते अधिक आवळते. चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा. शंभर रुपयांची थैली सव्वा किलोच्या जवळ जाते. हा भार पेलावयाचा म्हणजे शिवण दुहेरी आणि कापड जाड हवे. पुरुषांचा कसा कमरेला असे, तोही याच कारणाने. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या गडबडीत उत्तरेत दक्षिणेसाठी गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि शहर पडल्यावर झालेल्या लुटीत त्यांचीही मिळकत गेली. ‘माझा प्रवास’ ज्याने वाचला आहे, त्याला कमरेचा पैसा ही केवढी काळजीची वस्तू होती, हे निराळे सांगावयास नको.

जाड कापडाचा विषय निघाला, तो झाशीला सोडून पुढे जाऊ देत नाही. झाशी जिल्ह्यातील मऊ-राणीपूर येथे खारवा नावाचे लाल, भरड सुती कापड होत असे आणि ते दूरदूर जाई. त्याचा रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांतून निघे. आलीची लागवड बुंदेलखंडाच्या काळ्या जमिनीत करीत, तीन-एक वर्षे वाट पाहत आणि मग मुळे खणून काढीत; जाड मुळांपेक्षा बारीक मुळांना भाव अधिक. कापडाला आधी तेल, मग हिरडा, मग तुरटी आणि त्यानंतर रंग, असा तो लांबचा खटाटोप होता. पण चढलेला रंग सहसा उतरत नसे. सावकाराच्या वहीला या खारव्याचे पुठ्ठे चढत आणि घरात गाद्यांना, थैल्यांना तोच लागे. याच आलीने आपल्या भाषेला आणखी एक शब्द दिला आहे: आलवण. विधवेला नेसावे लागणारे ते लाल वस्त्र. एकाच रंगाने वहीची पत सांगावी आणि बाईचे दैवही सांगावे, हे मला नेहमी विचित्र वाटत आले आहे. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या रसायनज्ञांनी अलिझरिन कृत्रिम रीतीने तयार केले. त्यानंतरच्या काही दशकांत आलीची शेती आणि रंगाऱ्यांचा हा धंदा बसला. आलवण मात्र त्या मानाने उशिरा गेले.

झाशीत शिवणकाम किती माणसांच्या हातात होते, याची कल्पना राणीच्या चरित्रांत सांगितलेल्या एका प्रसंगावरून येते. महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना गोरगरिबांनी तिची वाट अडविली. थंडी कडक होती आणि अंगावर कापड नव्हते. राणीने चौथ्या दिवशी प्रत्येकाला टोपी, जाड बंडी आणि घोंगडी देण्याची आज्ञा केली, आणि दुसऱ्याच दिवशी शहरातील सगळे शिंपी बोलावून त्यांना कामाला लावले. राणीच्या घोड्याची चित्रे आपण पुष्कळ पाहिली आहेत. या तीन दिवसांच्या शिवणीचे चित्र कोणी काढल्याचे मला आठवत नाही. एवढे कापड बेतले गेले, तेव्हा कात्रणांचे ढीग पडले असणार. कात्रण फेकावयाचे नाही, हा आपल्याकडचा जुना कायदा. त्यातून वाकळ होते, गोधडी होते, बाळंतविड्यातले दुपटे होते आणि अगदीच लहान तुकडे उरले, तर बटवा होतो. रुखवतात मांडलेला तुकड्यांचा बटवा हा मुलीच्या हातातील कौशल्याइतकाच तिच्या घरच्या काटकसरीचाही दाखला असे.

मग बटव्याचे तोंड बदलले कशाने? फॅशनचे नाव घेऊन मोकळे होण्याआधी १८६१ हे साल पाहावे. त्या साली हिंदुस्थानात सरकारी कागदी चलनाचा कायदा झाला. नाणे गोल, जड आणि चुण्यांत सुखाने राहणारे. नोट चपटी, हलकी आणि चुरगळली की खराब होणारी. नोटेला सरळ काठाची, चपटी पिशवी हवी. पिढी-दोन पिढ्यांत नोट सामान्य घरांत पोचली आणि तिच्यामागून दाबाच्या बटणाचे पाकीट आले. त्याच सुमारास शिवणयंत्रही घरात येऊ लागले. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांच्या देखरेखीखाली १९०९ पासून स्त्रियांना शिकविण्याचे जे काम चालले, त्यात शिवण होतीच. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ यंत्र तयार होऊ लागल्यावर ते मध्यम वर्गाच्या आटोक्यात येत गेले. यंत्राची टीप सरळ रेषेत धावते, आणि सरळ काठ तिला मानवतो.

सरळ काठाला पाहिजे तशी मिटणी अमेरिकेत घडत होती. व्हिटकॉम्ब जडसन याने १८९३ मध्ये बुटांसाठी आकड्यांची एक सरकती मिटणी पेटंट केली. ती वारंवार उघडी पडे, म्हणून चालली नाही. गिडिऑन सुंडबॅक या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने १९१३ मध्ये दातांची रचना सुधारली आणि १९१७ मध्ये तिचे पेटंट मिळविले. ‘झिपर’ हे नाव १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांसाठी काढले. पण तिला आरंभीचे चांगले गिऱ्हाईक मिळाले, ते तंबाखूच्या पिशवीचे. हे वाचले तेव्हा मला आपल्या चंचीची आठवण झाली. पान, सुपारी, चुना आणि तंबाखू यांचे कप्पे असलेली, घडी घालून दोरीने गुंडाळलेली ती शेतकऱ्याच्या कनवटीची वस्तू. तंबाखू सुकू नये आणि सांडू नये, ही गरज दोन्हीकडे सारखीच. आपण झिपरला ‘चेन’ म्हणतो. तिचे दात साखळीसारखे दिसतात, तेव्हा नाव काही चुकीचे नाही.

अशी पिशवी शिवण्यात एक खोच आहे, ती सांगितलीच पाहिजे. बाहेरचे दोन तुकडे, अस्तराचे दोन आणि त्यांच्या रुंदीची चेन, एवढे साहित्य. बाहेरचा तुकडा सुलटा, त्यावर चेन उलटी, त्यावर अस्तर उलटे, असे तीन थर काठाशी जुळवून टीप घालावयाची. दुसऱ्या बाजूलाही तसेच. मग अस्तर अस्तराशी आणि बाहेरचे बाहेरच्याशी जोडून भोवती शिवावयाचे आणि अस्तराच्या तळाशी चार बोटे फट ठेवून पिशवी उलटावयाची. भोवतालची टीप घालण्यापूर्वी चेन अर्धी उघडी करून ठेवावी लागते. ती विसरली, की पिशवी आतून बंद होते. तिला बाहेरून उघडावयास जागा नसते आणि शिवण उसवण्यावाचून गती नसते. शिकविणारी बाई म्हणूनच कपडा हातात घेण्याआधी विचारते, “चेन उघडलीस का?”

कायद्यानेही तोंड हळूहळू उघडले. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क दिला. १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता तिची पूर्ण मालकीची ठरविली. तरीही घरखर्चातून वाचविलेले पैसे पिशवीतच राहिले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून काढल्याचे जाहीर झाले, तेव्हा देशभर कित्येक घरांत धान्याच्या डब्यातून, साड्यांच्या घडीतून अशा पिशव्या बाहेर आल्या. नवऱ्याला, मुलाला प्रथमच कळले, की घरात एवढी शिल्लक होती. धोरणाच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. त्या आठवड्यात बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला आपल्या पिशवीची चेन इतरांसमोर उघडावी लागली, एवढी नोंद इतिहासाने करून ठेवावी.

आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी शिवलेल्या चेनच्या पिशव्या वाण म्हणून लुटतात. खणाचे, पैठणीच्या काठाचे, जुन्या ओढणीचे तुकडे त्यांत एकत्र येतात. वाण देताना पिशवी रिकामी देत नाहीत. तिळगुळाची पुडी किंवा एक रुपया आत सरकवितात, चेन ओढून मिटतात आणि मग समोरचीच्या हातात ठेवतात.