देवाचा वार आणि अधू हात

वाशिम जिल्ह्यांतील कारंजा ही वऱ्हाडांतील कापसाची जुनी पेठ. हंगाम आला, कीं जिनांचे पट्टे फिरूं लागावे आणि हंगाम सरला, कीं मजुरांनीं आपापल्या गांवीं परतावें, असा या व्यवसायाचा क्रम. अशा हंगामी मजुरानें देवाचा वार केव्हां पाळावा, आणि यंत्रांत हात सांपडला तर पुढें जगावें कसें, हे प्रश्न किरकोळ वाटतील. परंतु त्यांचा इतिहास किरकोळ नाहीं.

त्याचा आरंभ मुंबईस झाला. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं परळ येथें गिरणी-कामगारांची सभा भरविली आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज कारखाना-चौकशी समितीसाठीं सिद्ध केला. त्यांत रविवारची सुटी मागितली होती. आणि त्याच अर्जांत, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार व जन्माचा अधू झालेल्यास निर्वाहाची सोय, हीही मागणी होती. मजूर म्हणजे केवळ दोन हात नव्हेत, इतकेंच त्या अर्जाचें सार आम्हांस दिसतें.

पहिली मागणी सहा वर्षांत फळास आली. १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. तेव्हां साहेबाच्या उपासनेचा दिवस मराठी मजुरासही आपलाच वाटला असल्यास नवल नाहीं. पुढें १८९१ च्या कायद्यानें ही सुटी बंधनकारक केली. परंतु हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेंत आले ते १९११ सालीं. मुंबईच्या मजुरास जें मिळालें, त्यासाठीं वऱ्हाडांतील जिनाच्या मजुरास आणखी वीस वर्षें थांबावें लागलें.

दुसरी मागणी त्याहूनही दुर्दैवी. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ सालीं, म्हणजे अर्जानंतर एकोणचाळीस वर्षांनीं. आणि त्यानें दिले ते पैसे, काम नव्हे. सरकारी नोकरींत असतां अपंगत्व आलेल्यास काढूं नये, त्याच वेतनावर दुसरें काम द्यावें, हें १९९५ च्या कायद्यानें सांगितलें. २०१६ च्या कायद्यानें त्यापुढें जाऊन अपंग नोकरास आवश्यक ती वाजवी सोय करून देण्याचें कर्तव्य सरकारी आस्थापनांवर घातलें. खासगी मालकावर मात्र तितका स्पष्ट भार नाहीं.

धर्माचरणाची गोष्ट त्याहूनही नाजूक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानविषयक कायद्यानें, मुळांत दहा किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं आठ भरपगारी सुट्या दिल्या; त्यांपैकीं चार मालक व नोकर यांनीं परस्परांशीं बोलून ठरवावयाच्या. रामनवमीस पोहरादेवीला जाणाऱ्या बंजारा नोकराची सुटी त्या चारांत बसावयाची कीं नाहीं, हें त्या बोलण्यावर अवलंबून.

आणि जेथें नोकर कायद्याच्या मर्यादेहून कमी? वाचकहो, तेथें मालक म्हणजे बहुधा आपणच. आपल्या दुकानांतील मुनीम, आपल्या घरची मोलकरीण यांना सणाची रजा मागतांना किंवा दुखरा हात दाखवितांना मान खालीं घालावी लागत असेल, तर लोखंड्यांचा तो अर्ज अद्याप निकालांत निघालेला नाहीं, असेंच आम्ही समजतों.