माळवदावरची माती

गणपती गेले आणि पितरांचा पंधरवडा लागला की आमच्याकडं घराला हात घालायचे. जालना जिल्ह्यात याला ‘दसरा काढणं’ म्हणतात. घट बसायच्या आत घर आतून-बाहेरून झाडून, लिंपून, सारवून मोकळं झालं पाहिजे, असा दंडकच. शहरात लोक दिवाळीला साफसफाई करतात. आमच्याकडं दिवाळीत वेळ कुणाला? कापूस फुटलेला असतो, रब्बीची ज्वारी पेरायची नाहीतर खुरपायची असते. म्हणून पावसाळ्यानं केलेली घराची दैना दसऱ्याआधीच निस्तरायची आणि पुढच्या थंडीची तयारीही त्यातच उरकायची.

गोधड्या सगळ्यांत आधी. चार महिने ओल खाऊन त्यांना कुबट वास आलेला असायचा. बैलगाडीत घालून त्या दुधनेवर न्यायच्या. धुवायला आणि पिळायला दोघीजणी लागायच्या, कारण ओली गोधडी एकटीच्या बापाला उचलत नाही. मग भिंती. पावसाच्या झडीनं पडलेले पोपडे काढायचे, मातीत भुसकट टाकून दोन दिवस भिजत घालायची, पायानं तुडवायची आणि लिंपण करायचं. वरून पांढऱ्या मातीचं पोतेरं. हे सगळं बायकांचं काम. गडीमाणसं वर चढायची, माळवदावर.

माळवद आता कळावं म्हणून सांगितलं पाहिजे. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, मग किलचण, त्यावर लिंबाचा नाहीतर तरवडाचा पाला आणि त्याच्यावर माती. सपाट छत. उन्हाळ्यात खाली गारवा, थंडीत ऊब. कुरडया वाळवायला, मिरच्या पसरायला, रात्री झोपायला तीच जागा. उजेडाला आणि धूर जायला मध्ये एक साणं ठेवलेलं. पावसाळा संपेपर्यंत या छतावर गुडघ्याएवढं गवत माजायचं. ते मुळासकट उपटायचं, भेगा बुजवायच्या आणि वर नव्या मातीचा एक हात द्यायचा. मृगाआधी एकदा आणि दसऱ्याआधी एकदा.

माती मात्र कुठलीही चालत नाही. आमच्या रानातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. ती छतावर टाकली तर पहिल्याच पावसात घरात धार लागेल. लागते ती पांढरी. आपल्याकडं गावाच्या जमिनीची वाटणीच मुळी अशी आहे: पिकते ती काळी, वस्ती असते ती पांढरी. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहिली, घरं पडली, पुन्हा त्यावरच उभी राहिली, चुलीची राख आणि जनावरांचं शेण साठत गेलं, त्याची ही माती. भोकरदनला १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठानं उत्खनन केलं, तेव्हा अशाच पांढरीखाली सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन नगर सापडलं. तिथं मिळालेली हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी जुळणारी आहे. म्हणजे आम्ही ज्याला गळती थांबवायची माती म्हणत होतो, ती कुणाच्या तरी घरादाराचीच माती होती.

आमच्या गावात ही माती दोन ठिकाणी मिळायची. एक पडकी गढी. निजामी गेली, १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या आणि गढीचा रुबाब ओसरला. मग एकेकाळी ज्या बुरुजाखालून वाकून जावं लागे, त्याचीच माती टोपल्यांनी लोकांच्या छतावर गेली. मला यात काही वाईट वाटत नाही. दुसरी जागा म्हणजे गावामागची खाण. वरची माती वाळून टणक झालेली, म्हणून बाया बुडातून कोरत कोरत आत शिरायच्या. मी चौथीत असताना त्या कपारीचं छत खाली आलं आणि आमच्या गल्लीतली एक बाई त्यात गेली. तिची टोपली बाहेर होती, त्यावरून कळलं. चार दिवस कुणी तिकडं फिरकलं नाही. पाचव्या दिवशी बाया पुन्हा तिथंच गेल्या, कारण घट बसायला आठवडाच उरला होता.

दरसाल दोनदा माती टाकायची, पण जुनी कुणी काढत नसे. काढली तर गळेल, ही भीती. तीन पिढ्यांत छताचा थर वीतभराचा हातभर झाला. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार-साडेचार टन ओझं. दीड-दोन फूट असेल तर हिशेब तुम्हीच करा.

तो हिशेब मराठवाड्याला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लोक गणपती बुडवून, दमून झोपलेले. चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसारच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथल्या भिंती गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या. त्या उसवल्या आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. जिथं छत भिंतीवर नव्हतं, लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथं पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेर पडल्या आणि आतली माणसं वाचली.

किल्लारी आमच्यापासून दोनशे किलोमीटर. आमच्याकडं नुसती उतरंडीची गाडगी वाजली. पण वर्तमानपत्रातले फोटो गावात फिरले आणि लोक अंगणात झोपायला लागले. त्या साली दसरा कुणी नीट काढलाच नाही. दादांनी ठरवलं, माळवद उतरवायचं.

आजी दारात उभी राहिली. “माह्या सासूनं टाकलेली माती हाये ती. कामून काढतू?”

“माय, तीच अंगावर येईल.”

“इतके साल नाही आली ती!”

दादा तिच्याशी कधी वाद घालत नसत. त्यांनी घराचे खांब हलवून पाहिले, दोनांच्या बुडाला वाळवी लागलेली होती. ते आजीला हाताला धरून आत घेऊन गेले आणि खांबात बोट घालून दाखवलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गोधड्या घेऊन गोठ्यात राहायला गेली.

माती काढायला अकरा दिवस लागले. कुदळीनं कापलेल्या कडेला थर स्पष्ट दिसायचे: माती, मग गवताच्या मुळांची काळपट रेघ, पुन्हा माती. मी रेघा मोजायला लागलो, चाळिसाच्या पुढं नाद सोडला. मातीत खापराचे तुकडे निघाले, शंखाच्या बांगडीचा एक तुकडा निघाला. आजीनं तो धुऊन देवघरात ठेवला. का, ते सांगितलं नाही.

वर पत्रे टाकले. भिंतींवरचं टनावारी ओझं गेलं, हे खरंच. पण डिसेंबरात रात्री पत्रा असा गार पडायचा की पहाटे आतल्या बाजूनं थेंब ठिबकायचे. माळवदाखाली एका गोधडीवर निघणारी थंडी आता तिघींनी निघेना. पत्र्याखाली कडब्याच्या पेंढ्या बांधून पाहिल्या, उंदीर झाले. शेवटी दहा वर्षांनी स्लॅब पडला. सळई जालन्याचीच. तिथल्या कारखान्यांनी आमच्या भागातली माळवदं जेवढी संपवली, तेवढी भूकंपानंही संपवली नसतील.

काढलेल्या मातीचा ढीग परसात पडून होता. पुढच्या वर्षी पितृपंधरवड्यात गल्लीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या. भिंती अजून मातीच्याच होत्या, पोतेऱ्याला पांढरी लागायचीच. आजी ढिगाशेजारी बाज टाकून बसली आणि येईल तिला म्हणाली, “भरून घ्या. खाणीकडं जायचं नाही.” ढीग तीन दसरे पुरला.