वृक्षाची प्रव्रज्या : थायलंडच्या नान प्रांतातील वनरक्षण

वृक्षाला प्रव्रज्या देता येते काय? विनयाच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच आहे. महावग्गात एका नागाची कथा येते. मनुष्यरूप धारण करून त्याने भिक्खुसंघात प्रवेश मिळविला. पण झोपेत त्याचे मूळ रूप उघड झाले आणि तिर्यक् योनीतील प्राण्यास उपसंपदा देऊ नये, असा नियम भगवंतांनी केला. उपसंपदेच्या वेळी उमेदवार मनुष्य आहे काय, हे आजही विचारले जाते. थायलंडात तर उपसंपदेपूर्वी उमेदवाराला 'नाग' असेच म्हणतात. जेथे प्राण्यालाच प्रवेश नाही, तेथे वृक्षाचा प्रश्न उद्भवत नाही.

असे असूनही उत्तर थायलंडातील भिक्खू मोठ्या वृक्षांच्या बुंध्यास चीवर गुंडाळतात आणि या विधीला 'बुआत तोन माई', म्हणजे वृक्षाची प्रव्रज्या, असेच नाव देतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचून वाढलेल्या आमच्या वाचकाला यात कर्मकांडाचा वास येणे स्वाभाविक आहे. म्हणून हा विधी कोणत्या परिस्थितीत जन्मास आला, ते आधी पाहू.

१९६१ मध्ये थायलंडच्या सुमारे ५३ टक्के भूमीवर वन होते. १९८८ पर्यंत ते सुमारे २८ टक्क्यांवर आले. लाकूड कंपन्यांना दिलेले ठेके, नवे रस्ते आणि निर्यातीसाठी लावलेली नगदी पिके, ही त्याची ठळक कारणे. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिणेकडील नाखोन सी थम्मरात प्रांतात उघड्या डोंगरांवरून माती व ओंडके वाहत आले आणि शेकडो माणसे दगावली. जानेवारी १९८९ मध्ये शासनाने वृक्षतोडीचे ठेके बंद केले. बेकायदा तोड मात्र थांबली नाही.

त्याच १९८८ च्या सुमारास फयाव प्रांतातील फ्राख्रू मानस नथीफिथक यांनी वृक्षास चीवर बांधण्याचा विधी प्रथम केला, असे मानले जाते. 'फ्राख्रू' ही भिक्खूंची पदवी आहे आणि 'नथीफिथक' म्हणजे नदीचा राखणदार. त्यांच्यापासून प्रेरणा घेतली ती शेजारच्या नान प्रांतातील फ्राख्रू फिथक नन्थखुन यांनी. सन्तिसुख जिल्ह्यातील किउ मुआंग हे त्यांचे जन्मगाव. झाडे तोडू नका, असे त्यांनी गावकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगितले होते. उपदेश ऐकून लोक हात जोडीत आणि कुऱ्हाड घेऊन पुन्हा रानात जात. १९९० मध्ये त्यांनी गावच्या रानात हा विधी केला. १९९१ मध्ये परिसरातील दहा गावांचे मिळून एक सामूहिक वन राखण्याचे ठरले, तेव्हा तेथील सर्वांत मोठ्या वृक्षास चीवर बांधण्यात आले. वनाचा नाश म्हणजे जीवनाचा नाश, अशा अर्थाच्या पाट्या झाडांवर लावल्या गेल्या. दहाही गावच्या मुखियांनी परित्राणपाठाचे पाणी प्राशन करून रान राखण्याची शपथ घेतली. आमच्या मते विधीचा गाभा चीवरात नसून या शपथेत आहे. चीवर सर्वांना दिसते. शपथ मोडणाऱ्याला मात्र दहा गावांपुढे उभे राहावे लागते. वनाच्या राखणदार आत्म्यालाही तेथे निवेदन केले गेले, हे लपविण्याचे कारण नाही. आपल्याकडील देवराया देवतेच्या धाकानेच टिकल्या, हे आपण जाणतो.

उपसंपदेचा विधी आपण करीत नाही, हे ते भिक्खू स्वतःच स्पष्ट सांगतात. विनयातला खरा आधार दुसरीकडे आहे. पाचित्तियांतील अकरावा नियम वनस्पतींच्या नाशाविषयी आहे. आळवी येथील भिक्खू विहाराच्या कामासाठी झाडे तोडीत. एका वृक्षदेवतेने तक्रार केली, हा कथेचा एक भाग. परंतु लोकांनीही नापसंती दर्शविली, हा दुसरा आणि आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग. वृक्षात जीव आहे, असे लोक मानतात, हे कारण त्या ठिकाणी नोंदविले आहे. वृक्षाला चेतना आहे किंवा नाही, हा वाद तेथे घातलेला नाही. लोकांच्या मनातील जीवाविषयीचा आदर भिक्खूच्या हातून तुडविला जाऊ नये, एवढे पाहिले आहे. वर्षावासाच्या नियमामागेही हिरवे गवत व बारीक जीव तुडविल्याचा लोकांचा आक्षेपच आहे. नानच्या भिक्खूंनी हीच वाट उलट दिशेने चालून दाखविली. लोकांच्या मनात चीवराविषयी असलेला आदर त्यांनी वृक्षाच्या रक्षणास लावला.

रानापाठोपाठ पाण्याचा विचार आला. १९९३ मध्ये नान नदीच्या दीर्घायुष्यासाठी, एरवी आजारी वा वृद्ध माणसासाठी करतात तो 'सुएप चता' हा विधी करण्यात आला आणि नदीचा एक पट्टा माशांसाठी अभय म्हणून राखला गेला. पुढे नदीकाठच्या इतर गावांनीही असे पट्टे राखले. येथे सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाचे स्मरण होते. अभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या त्या लेखात अवध्य पक्षी, कासवे व मासे यांची नामावळी आहे, उपोसथाच्या दिवशी मासे मारण्यास व विकण्यास बंदी आहे आणि निष्कारण वणवा लावण्यासही मनाई आहे. मात्र ती राजाज्ञा होती. नानमधील मर्यादा कोळ्यांनी व शेतकऱ्यांनी स्वतःवर घालून घेतली.

हा भेद किती मोलाचा आहे, ते ईशान्य थायलंडात दिसून आले. तेथे १९९० नंतर लष्कराच्या साहाय्याने 'खो चो को' ही योजना राबविण्यात आली. राखीव वनांतून गरीब कुटुंबांना उठवावयाचे आणि त्या भूमीवर निलगिरीसारखी व्यापारी झाडे लावावयाची, असा तिचा व्यवहार होता. वनरक्षणाच्या नावाने भूमिहीनांना हुसकावणे ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. बुरीराम प्रांतातील दोंग याय वनात फ्रा प्रचाक खुत्तचित्तो यांनी झाडांना चीवर बांधून गावकऱ्यांची बाजू घेतली. १९९१ मध्ये त्यांना चीवरासह अटक झाली. तीव्र विरोधानंतर १९९२ मध्ये योजना मागे घेण्यात आली. प्रचाक यांना मात्र पुढे भिक्खुजीवन सोडावे लागले.

१९९६ मध्ये राजाच्या राज्यारोहणास ५० वर्षे झाली. त्या निमित्ताने उत्तरेतील शेतकऱ्यांच्या संघटनेने ५ कोटी वृक्षांना चीवर बांधण्याचा संकल्प सोडला. त्यामुळे चळवळीस मान्यता मिळाली, तशी थोडी शोभाही आली. अधिकारी व उद्योजक छायाचित्रासाठी चीवर बांधू लागले. पण धोका सरला नव्हता. जून २००५ मध्ये चियांग माई प्रांतातील फांग येथे ध्यानकेंद्राच्या भूमीवरील अतिक्रमणास विरोध करणारे भिक्खू सुपोज सुवचनो यांची हत्या झाली.

सामूहिक वनांना कायद्याचा आधार द्यावा, ही गावकऱ्यांची मागणी १९९० च्या दशकाच्या आरंभापासूनची. तसा कायदा २०१९ मध्ये झाला. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्या हद्दीतील गावांची राने मात्र त्यातून वगळलेली आहेत.