गोळी बदलली की सगळं बदलतं: काडतुसाच्या लांबीचा इतिहास

रायपूरहून मी आपला निवृत्त फौजी पुन्हा एकदा हजर आहे. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्याची सुरुवात माझ्या बैठकीत झाली.

धमतरीकडे शेती असलेले ओळखीचे एक मराठी गृहस्थ घरी आले. त्यांच्याकडे परवान्याचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि सहा काडतुसं टेबलावर ठेवली. "साहेब, एकाने रिकाम्या केस पुन्हा भरून दिल्यात. निम्म्या पैशात. चालतील ना?" मी व्हर्नियर कॅलिपर काढला. सहाही काडतुसांची लांबी वेगवेगळी भरली. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड यांच्यात जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक होता. ते म्हणाले, "एवढ्याशा फरकाने काय होतंय?" त्यांना तेव्हा जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू. पितळेची केस, तिच्या बुडाशी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. आपण बोलताना सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण खरी गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा. तो किती आत बसवला, यावर दारूला मिळणारी जागा ठरते. जागा कमी झाली की दाब वाढतो. तो सरळ हिशेबाने वाढत नाही, उडी मारून वाढतो. गोळीचं वजन, तिची लांबी, जाडी आणि आवरण यांतलं काहीही बदललं, तर बाकी सगळं नव्याने तपासावं लागतं. हा धडा लष्कराने चुका करत करत घेतला आहे.

१८५७ची काडतुसं म्हटलं की आपल्याला चरबी आठवते. आमच्या रायपूरलाही त्या काळाची आठवण आहे. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, मग इंग्रजांनी तो खालसा केला. १८ जानेवारी १८५८ च्या रात्री इथल्या छावणीत हनुमानसिंह यांनी सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. त्यांचा हुद्दा होता मॅगझिन लष्कर, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारावरचा माणूस. २२ जानेवारीला त्यांच्या १७ साथीदारांना फाशी झाली. हनुमानसिंह मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.

त्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाला आणखी एक दुखणं होतं. काही फैरी झाडल्या की नळीत दारूची काजळी साचे आणि गजाने ठोकूनही गोळी खाली उतरेना. अखेर गोळीचा व्यास .५६८ इंचावरून .५५० इंचावर आणला. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी, पण तेवढ्यासाठी पुन्हा चाचण्या घ्याव्या लागल्या.

पुढची गोष्ट कलकत्त्याजवळच्या दमदमची. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत तक्रार आली की .३०३ ची गोळी आरपार जाते, पण माणूस थांबत नाही. दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं धातूचं आवरण थोडं मागे घेऊन शिसं उघडं ठेवलं. हीच ती कुप्रसिद्ध दमदम गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. मानवतेचा हा मुद्दा सगळ्यांना ठाऊक असतो. पण कारागिराची अडचण वेगळी होती. आवरण बुडाशी आधीच उघडं असे. आता टोकही उघडं झालं. अशा वेळी शिसं पुढे निघून जायचं आणि आवरण नळीत अडकायचं भय असतं. त्यावर दुसरी फैर झाडली तर नळी फाटते.

लांबीचा धडा १९१० च्या मार्क ७ गोळीत दिसतो. .३०३ ची जुनी गोळी २१५ ग्रेनची होती, म्हणजे साधारण १४ ग्रॅम. नवी १७४ ग्रेनची, सव्वाअकरा ग्रॅमची. वजन घटलं तरी काडतूस त्याच मॅगझिनमधून सरकायला हवं होतं. म्हणून गोळीच्या टोकात शिशाऐवजी अ‍ॅल्युमिनियम घातलं. वजन कमी झालं आणि लांबी राहिली. तरीही रायफलींच्या साइट बदलाव्या लागल्याच.

आता रिव्हॉल्व्हर. १९३० च्या दशकात ब्रिटिश फौजेने .३८ साठी २०० ग्रेनची उघड्या शिशाची गोळी घेतली. हेगच्या अटीत ती अडकेल अशी शंका आली, म्हणून दशकाच्या अखेरीस आवरण असलेली १७८ ग्रेनची गोळी आली. हलकी गोळी नळीतून लवकर सुटते. धक्क्याने नळी वर उचलली जायच्या आत ती बाहेर पडलेली असते, म्हणून साधारणपणे खाली लागते. शस्त्र तेच, हात तोच, पण नेम चुकतो.

आपल्याकडे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून हेच काम करतोय. ९ मिलिमीटरच्या जुन्या काडतुसांच्या बुडावर केएफ आणि २झेड असे शिक्के दिसतात. केएफ म्हणजे खडकी. झेड म्हणजे कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू. आतला बदल बाहेरून कळावा, म्हणून हे एक अक्षर.

या ९ मिलिमीटर काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर आहे. अमेरिकेतल्या स्पीअर कंपनीच्या एका पुस्तकात प्रयोग नोंदवलाय. गोळी मुद्दाम ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, जास्त आत बसवली, तर दाब दुपटीहून वर गेला.

याचा अनुभव मी घेतलाय. मी तरुण कॅप्टन होतो. गार्डचं पिस्तूल रोज संध्याकाळी भरलं जाई, सकाळी रिकामं होई आणि मॅगझिनमध्ये वरचा राउंड बहुतेक तोच असे. मी रजिस्टरवर आकडा बघून सही करायचो. एकदा आर्मरर हवालदाराने सगळे राउंड टेबलावर उभे केले. एक बुटका दिसला. "साहब, यह गोली बैठ गई है." रोज चेंबरच्या तोंडावर आपटून गोळी आत सरकली होती. मी सही करत होतो आणि शिपाई ते पिस्तूल कमरेला लावत होता. त्या दिवसापासून मी राउंड नुसते मोजले नाहीत, उभे करून पाहिले. रिव्हॉल्व्हरमध्ये उलटं होतं. नीट आवळलेली नसेल, तर धक्क्याने शेजारच्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते आणि चक्र अडतं.

आणखी एक घोळ. आपल्याकडे .३२ या एकाच नावाने दोन काडतुसं चालतात. रिव्हॉल्व्हरचं कमाल ३२.५ मिलिमीटर लांब, पिस्तुलाचं २५. पिस्तुलाचं आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतंही, पण त्याचा दाब जास्त असतो. शिरलं म्हणजे चालेल, असं नव्हे.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "कारखान्यात प्रत्येक लॉटचा दाब यंत्रावर मोजतात, तुमच्या माणसाकडे कॅलिपरही नसेल. शिवाय परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे." ते गप्प झाले. मग म्हणाले, "परवा मुलगा मागत होता, शेतात उडवून बघतो म्हणून." त्यावर मला काही बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ठाण्यात जाऊन लेखी अर्जासह ती सहाही काडतुसं जमा करून आलो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी परवान्याचं शस्त्र असेल, तर आज एवढंच करा. शस्त्र रिकामं करून बाजूला ठेवा आणि काडतुसं सपाट टेबलावर ओळीने उभी करा. एखादं बुटकं, उंच किंवा बिनशिक्क्याचं दिसलं, तर ते झाडून बघू नका. वेगळं ठेवा आणि परवानाधारक विक्रेत्याला किंवा ठाण्यात विचारा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगड.