बेहड्याखालचा थांबा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि मोबाईलवरचा पोकर संपला. ज्यांना खेळायचेच आहे त्यांना मांडवीतले तरंगते कॅसिनो उरले. पडद्यावर एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, इथे हाताने पत्ते पिसून वाटायचे म्हणजे पंचवीस-तीसच. मग पोरे कंटाळतात आणि नको त्या पत्त्यांवर पैसे लावतात.

मला तर आपल्या विदर्भाचा जावई नल आठवतो! वनपर्वात बृहदश्व ऋषी द्यूतात हरलेल्या युधिष्ठिराला त्याची गोष्ट सांगतात. नल पुष्कराशी महिनोन्‌महिने खेळत राहिला, दमयंतीचेही ऐकले नाही. राज्य गेले.

पुढे तो बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी झाला. कुंडिनपूरला एका दिवसात पोचायचे, रथ भरधाव. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजून सांगितली. नलाने रथच थांबवला. राजा म्हणे उशीर होतोय. हा म्हणे थांबा, नाहीतर वार्ष्णेयाला सारथी करून पुढे जा. झाड पाडून त्याने फळे मोजली. (झाड पाडलेले आम्हा जंगलवाल्यांना रुचत नाही, असो.) हिशेब बरोबर निघाला. तिथेच अश्वविद्येच्या बदल्यात त्याला अक्षविद्या मिळाली आणि अंगातला कली निघून बेहड्यात शिरला.

आमच्या मार्कंडा-चामोर्शीकडच्या जंगलात बेहडा आहे. त्रिफळ्यात पडणारे हेच फळ, प्राचीन काळी फासे म्हणून याच्याच बिया टाकत.

नलाने मग एकाच डावात राज्य परत जिंकले. युधिष्ठिरही बृहदश्वांकडून ती विद्या शिकला आणि विराटाकडे कंक होऊन फासेच खेळत बसला!