पुष्पिकेचा पुरावा : डॉ. मोतीचंद्र

मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाचे (१९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) संचालकपद डॉ. मोतीचंद्र ह्यांनी १९५० पासून सांभाळले. वाराणसीत १९०९ साली भारतेंदु हरिश्चंद्रांच्या घराण्यात जन्मलेले मोतीचंद्र लघुचित्रांचे मर्मज्ञ म्हणून ओळखले जातात. परंतु वस्तूइतकाच शब्दही पुरावा मानावयाचा, हा त्यांच्या कार्यातील विशेष भाषाभ्यासकांच्या दृष्टीने अधिक मोलाचा होय.

'प्राचीन भारतीय वेशभूषा' (१९५०) ह्या हिंदी ग्रंथात त्यांनी वाङ्मयातील वस्त्रवाचक शब्द शिल्पांतील वेषांशी ताडून पाहिले. पुढे मुनी पुण्यविजयांनी संपादिलेल्या 'अंगविज्जा'ला (१९५७) त्यांनी प्रस्तावना जोडली. हा प्राकृत ग्रंथ शुभाशुभ फलकथनाचा. पण त्यात वस्त्रे, अलंकार, भांडी, नाणी ह्यांच्या नावांच्या लांबच लांब याद्या आहेत. कोशकाराला कंटाळवाणी वाटावी अशी ही सामग्री संग्रहालयाच्या प्रमुखाला मात्र वस्तूंची नामावलीच ठरली!

ह्या दृष्टीची खरी कसोटी चित्रांच्या कालनिर्णयात लागली. 'चौरपंचाशिका' चित्रमालेची शैली अकबराच्या राजवटीतच सिद्ध झाली, असे मत प्रबळ होते. मोतीचंद्रांचे सहलेखक कार्ल खंडालावाला ह्यांचाही कल तिकडेच होता. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतील आरण्यकपर्वाच्या सचित्र पोथीने ह्या मतास छेद दिला. चित्रे त्याच कुळातील, आणि पुष्पिकेत काळ १५१६ चा, सिकंदर लोदीच्या राजवटीतला. म्हणजे अकबराच्या राज्यारोहणापूर्वी ४० वर्षे. १९६९ मध्ये उभयतांनी 'न्यू डॉक्युमेंट्स ऑफ इंडियन पेंटिंग' ह्या ग्रंथात अशा नव्या साधनांच्या आधारे जुन्या मतांची फेरतपासणी केली. उपशीर्षकातच 'अ रीअप्रेझल' हा शब्द आहे. प्रस्थापित अभ्यासकांनी लेखकूच्या चार ओळींपुढे आपला आग्रह सैल करावा, हे आपल्याकडे विरळाच.

अर्थात पुष्पिका बोलते ती आपल्या पोथीपुरतीच. शैलीचा उगम मागे गेला, म्हणून तारीख नसलेली प्रत्येक चित्रमाला मागे जात नाही. 'चौरपंचाशिके'च्या काळाविषयीचा वाद त्यामुळे मिटला नाही.

आरण्यकपर्वाच्या पोथीवरील दोघांचा स्वतंत्र ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मोतीचंद्रांचे निधन झाले.