अरंगेत्रम : आरंभाचा झालेला समारोप

‘अरंगेत्रम’ या तमिळ शब्दाचा अर्थ रंगमंचावर चढणे. देवदासी घराण्यांत तो व्यवसायातील प्रवेशाचा विधी होता. टी. बालसरस्वती यांचे अरंगेत्रम १९२५ साली कांचीपुरमला, वयाच्या सातव्या वर्षी झाले आणि तेथून त्यांची कारकीर्द सुरू झाली. अमेरिकेतील भारतीय वंशाच्या मुलीचे अरंगेत्रम मात्र बहुधा महाविद्यालयात जाण्याआधी होते. भाड्याचे सभागृह, छापील पत्रिका, गुरूंचा सत्कार, शेवटी भोजन. त्यानंतर अनेकींचे नृत्य थांबते. आरंभाचा विधी समारोपाचा कसा झाला, याचे उत्तर या नृत्याच्या इतिहासात शोधावे लागते.

‘सदिर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नृत्याचा आजचा कार्यक्रमक्रम सरफोजी दुसरे (१७९८-१८३२) यांच्या काळात तंजावरच्या मराठी दरबाराशी जोडल्या गेलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंनी सिद्ध केला. त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी निरूपणेही रचली गेली. म्हणजे ही परंपरा मुळातच बहुभाषिक होती.

१८९० नंतर नाचविरोधी चळवळीने जोर धरला. १९३० च्या दशकात ई. कृष्ण अय्यर आणि मद्रासची म्युझिक अकादमी यांनी कला वाचवली, ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झाले. १९३६ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्राची स्थापना केली. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी प्रथेवर बंदी आली. नृत्य प्रतिष्ठित घरांत पोचले. ज्या स्त्रियांनी ते जपले त्या मात्र बाजूला पडल्या.

१९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर-अभियंत्यांनी सोबत नेले ते हे प्रतिष्ठित रूप. घरातली भाषा मुलांच्या तोंडून निसटू लागली, तेव्हा नृत्य हीच दिसणारी, मोजता येणारी संस्कृती ठरली. १९८३ नंतर श्रीलंका सोडून टोरांटो-लंडनला गेलेल्या तमिळांसाठी तेच अरंगेत्रम हरवलेल्या भूमीची खूण बनले. एकाच मुद्रेला दोन समाजांनी दोन अर्थ दिले.

परदेशातील मुलीला पदमचे तेलुगू शब्द कळत नाहीत, हा आक्षेप नेहमीचा. पण ते चेन्नईतल्या कित्येक मुलींनाही कळत नाहीत. खरा प्रश्न निवडीचा आहे. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात लावणी हौसेने होते. मुलीला वर्षानुवर्षे शिकवायचे म्हटले की बहुधा भरतनाट्यम किंवा कथकच निवडले जाते. लावणीला अजून ते शुद्धिपत्र मिळालेले नाही, इतकाच फरक.

बालसरस्वतींनी शृंगाराला अभिनयाचा गाभा मानले आणि १९६२ पासून अमेरिकेतही शिकवले. त्यांचा वारसा त्या भूमीवर आहेच. ‘हे तुझे आहे’ असे मुलीला सांगताना ‘हे आधी कोणाचे होते’ हेही सांगितले, तर तिच्या हाती अपुरी का होईना, पण खरी ओळख येईल.